डुकरं येतात का?

मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झालं आणि पुढच्या 5 जानेवारीपासून तिथून विमानं उडू लागली. त्याच्या आगेमागे पेडणे तालुक्यात नवे लोक पुष्कळ आले. जमिनीचे दलाल आले, दलालांचे दलाल आले, दिल्लीहून डोंगर विकत घ्यायला माणसं आली आणि त्यांना डोंगर दाखवायला भाड्याच्या गाड्या आल्या. एक जात मात्र कुठून आली नाही. ती इथल्या इथेच निपजली. जमीन विकून बसलेला बंदूकवाला. वारखंडात बघा, धारगळात बघा, तुयेत बघा, एखादा तरी भेटेलच. ओळखायची खूण सोपी आहे. घर नवं, लाद्या घसरून पडावं इतक्या गुळगुळीत, भिंतभर टीव्ही, आणि टीव्हीच्या वर, कुलदेवतेच्या तसबिरीच्या रांगेत, दोन रिकामे खिळे. खिळे बंदुकीचे. बंदूक आत कपाटात कुलूपबंद असते, कारण ती सांभाळून ठेवायची असा नियम आहे. पण आपल्याकडे बंदूक आहे हे आल्यागेल्याला कळलंच पाहिजे, हा नियमापेक्षा जुना रिवाज आहे. पाहुणा चहाचा घोट घेताना वर बघतो आणि सहज विचारतो, "इथे काय लावायचंय?" पुढचा तासभर मग पाहुण्याच्या हातात राहत नाही.

आमच्या वाड्यावरच्या अशा गृहस्थांना सगळे आबा म्हणतात. साठी उलटलेली, अंगात बनियन, खाली हाफ पँट, आणि मिशी मात्र फुल. बोलणं सावकाश. आबा कोणाला धमकी देत नाहीत, कधी दिल्याचं कोणाला आठवत नाही. फक्त वाड्यावर कसली बाचाबाची चालली असली की ते कुंपणाजवळ येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "परवा बंदुकीला तेल द्यायला हवं." एवढ्यावर आवाज खाली येतात.

बंदूक जोडनळी, बारा बोरची. आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली. तेव्हा तालुक्याला कोंसेल्ह म्हणत, आणि जुन्या परवान्यावर अद्मिनिस्त्रादोरची वळणदार सही होती असं आबा सांगतात. तो कागद वाळवीने खाल्ला. बंदूक बेल्जियमची, हेही तेच सांगतात. नळीवरची अक्षरं इतकी झिजली आहेत की तिला कुठलाही देश चालेल. गोवा मुक्त झाल्यावर भारताचा 1959 चा शस्त्र कायदा इथे आला आणि आबांच्या वडिलांना नव्याने परवाना काढावा लागला. त्यावर कारण लिहिलं गेलं: पीकसंरक्षण. हा कायदा मोठा काटकसरी आहे. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक पुरे, असं तो धरून चालतो. तिच्याने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी, तीही गुळगुळीत नळीची. वडिलांनी ही खात्री कशी पटवली ती कथा आमच्याकडे पाठ आहे. ते साहेबापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आधी दारू घाला, ती ठासा, छर्रे घाला, परत ठासा, मग केप बसवा. तेवढ्यात डुकराचं जेवण होऊन ते हात धुवायला जातं." साहेब हसला आणि त्याने सही केली. 

आता या बंदुकीने आजवर काय मारलं, हा प्रश्न आबांना विचारू नये. परवाना पीक राखायचा. पण 1972 चा वन्यजीव कायदा म्हणतो, रानटी जनावर मारायचं नाही. उभं पीक नासणाऱ्या डुकराला मारायचंच असेल तर मुख्य वन्यजीव वॉर्डनची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. म्हणजे डुक्कर शेतात शिरलं की त्याला "जरा थांब" म्हणून सांगायचं आणि आपण अर्ज लिहायला बसायचं. 2022 पर्यंत त्या कायद्याला उपद्रवी जीवांचं एक परिशिष्ट तरी होतं. त्यात कावळा, फळं खाणारं वटवाघूळ आणि लहानमोठे उंदीर एवढेच उरले होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीत ते परिशिष्टही गेलं. "घरात उंदरावर जोडनळी उचलली असती तर तुझ्या काकीने मलाच उंबऱ्याबाहेर काढलं असतं," आबा म्हणतात. पण तेवढाच काय तो कायदेशीर नेम होता आणि तो धरायचा राहून गेला, ही चुटपुट लपत नाही.

बाकी शेतात येणारी मंडळी नेम धरण्यापलीकडची. मोर राष्ट्रीय पक्षी. गवा गोव्याचा राज्यप्राणी. माकड म्हणजे मारुती, डुक्कर वराहावतार. कोणाकडे पद, कोणाकडे पुराण. 2016 साली गोव्याच्या कृषिमंत्र्यांनी मोर, गवा, माकडं, डुकरं यांना उपद्रवी ठरवता येईल का याची चर्चा काढली, तेव्हा मोराच्या नावाने देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. आबांनी त्या दिवशी काडतुसं मोजून ठेवली. पुढे काहीच झालं नाही. मग 2025 च्या सप्टेंबरात सिंधुदुर्गातून एक हत्ती पेडण्यात उतरला आणि तांबोसे-तोरसेच्या बाजूला भातात, केळीत फिरू लागला. चवथ आटोपून थोडेच दिवस झाले होते. आबांनी बंदूक कपाटातून काढली, तिला तेल दिलं, नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आत पाहिलं आणि तिला परत ठेवलं.

"का हो आबा?"

"त्याचं नाव ओंकार आहे रे. पेपरात आलंय."

उमेदीच्या दिवसांत आबांनी बार काढले ते सगळे हवेत. भात पोटरीला आलं की ते मळ्यातल्या खोपीत झोपायला जात. डुकरांची चाहूल लागली की एक बार आभाळात. पहिल्या वर्षी डुकरं डोंगर चढून गेली. दुसऱ्या वर्षी बांधापर्यंत. पुढे पुढे ती नुसती मान वर करून बघायची. जोडनळीचे दोन बार झाले की आबा झोपतात, हे त्यांच्या पिल्लांनाही कळून चुकलं होतं. एकदा नेम चुकून, म्हणजे हवेतला नेम चुकून, छर्रे शेजारच्या भाटातल्या फणसाला लागले. त्या फणसाचा गर त्या वर्षी जास्त गोड होता असा शेजाऱ्याचा दावा आहे. तेवढी एक शिकार आबांच्या नावावर आहे.

त्यात निवडणुका. निवडणूक लागली की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ येते. 2022 साली फेब्रुवारीत विधानसभा झाली आणि ऑगस्टात, ऐन श्रावणात शेतं हिरवीगार असताना, पंचायती. आबांची बंदूक वर्षात दोनदा गेली. काकी म्हणते, "मी लग्न होऊन आल्यापासून इतकी माहेरी गेले नाही." फरक एवढाच की माहेराहून बाई अंग धरून येते, ही गंज धरून येते. ती ठाण्यात असली की आबा हळू बोलतात, कुंपणाजवळ येत नाहीत, आणि वाड्यावर भांडणं जरा जास्त चालतात.

तर ज्या बंदुकीने मारता येत नाही, जी निवडणूक आली की घरात नसते, जिचं तेल आणि नूतनीकरण चुकत नाही, ती ठेवायची कशाला? आबांच्या मुलाने हे एकदा विचारलं. तो वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात आहे, त्याला प्रत्येक वस्तूची मुदत संपण्याची तारीख लागते. आबांनी उत्तर दिलं नाही. उत्तर मला माहीत आहे, कारण ते पेडण्यात सगळ्यांनाच माहीत आहे. इथे पूर्वी माणसाचं वजन दोन गोष्टींवर ठरे, भाट आणि बंदूक. भाटकाराकडे दोन्ही असे. कूळ कायद्याच्या 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालक केलं आणि आबांच्या आजोबांचं बहुतेक भाट कुळांकडे गेलं. योग्यच झालं, कसत होते तेच. पण बंदूक कुळाकडे गेली नाही. तिच्यावर कोणी दावा लावला नाही. एवढी एकच वस्तू घरात राहिली, जी दाखवून म्हणता येई की आम्हीही कशाची तरी राखण करत होतो.

आणि मग राखायचं ते उरलंसुरलंही आबांनी विकून टाकलं. त्यांना दोष देणारे त्यांच्यापेक्षा चढ्या भावाने विकून मोकळे झाले आहेत, म्हणून मी देत नाही. भावांच्या वाटण्या, मुलीचं लग्न, आणि दलालाने चौरस मीटरचा सांगितलेला भाव. आबांच्या घरात जमीन बियाण्यावर मोजत; मळा किती कुडवांचा, हे बोलणं. दलालाने त्याचे मीटर केले, मीटरचे रुपये केले, आणि तो आकडा ऐकून आबांनी पाणी मागितलं. वायंगणाचा मळा आणि वरची काजूची बाग गेली. घर, आंगण आणि विहीर राहिली.

पैसे बँकेत पडले आणि एके रात्री आबा ताडकन उठून बसले. परवान्यावर कारण पीकसंरक्षण. पीक कुठाय?

असं त्यांना अजून कोणी विचारलेलं नव्हतं. परवाना पूर्वी तीन वर्षांचा असे, 2019 च्या दुरुस्तीने तो पाच वर्षांचा झाला आहे, म्हणजे वेळ होता. पण पुढच्या नूतनीकरणाला साहेबाने जमिनीचा एक चौदाचा उतारा मागितला तर दाखवायचं काय? बिल्डरच्या नावाचा? त्या भीतीने आबांनी आंगणात मिरचीच्या कुंड्या मांडल्या. नंतर वांगी. एक भेंडी. सकाळी पेपर वाचताना ते कुंड्यांकडे तोंड करून बसत. जोडनळी बंदुकीच्या संरक्षणाखाली वाढलेली ती गोव्यातली एकमेव भेंडी असावी. तीही माकडांनी नेली.

तेव्हा ठरलं. स्वस्तात थोडी शेतजमीन घ्यायची, जमलं तर तिथेच छोटं घर बांधून राहायला जायचं. माणसं जागा शोधताना पाणी बघतात, रस्ता बघतात, दिल्लीवाले समुद्र दिसतो का ते बघतात. आबांची अट एकच. तिथे डुकरं यायला हवीत.

माझी जुनी गाडी आहे आणि रविवारी मला काम नसतं, हे आबांना ठाऊक आहे. म्हणून हा शोध मी जवळून पाहिला.

बार्देशाचं नाव निघालं नाही. तिथे आता डुक्करही भाडेकरूच असेल. पेडण्यात फिरलो. इब्रामपूर, हळर्ण, चांदेल, कासारवर्णे. पण विमानतळाच्या नावाने भाव सगळीकडे एकाच दिशेने उडाले होते. आबांनी ज्या भावाने विकली त्या भावाने त्यांना घेता येईना. हे गणित त्यांनी काकीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. "म्हणजे तुम्ही तुमच्याच मळ्याचे पैसे घेऊन फिरताय आणि तुमचाच मळा तुम्हाला परवडत नाही?" काकी म्हणाली. "तसं नाही," आबा म्हणाले आणि तसं कसं नाही ते सांगायला त्यांना जमलं नाही.

सत्तरी त्यांच्या मनात होती. राण्यांचा मुलूख, 1852 मध्ये दीपाजी राण्यांनी जिथे पोर्तुगीजांना दमवलं. "तिथे बंदुकीला माणसं ओळखतात," आबा म्हणत. जमीनही त्या मानाने स्वस्त, डुकरं भरपूर. पण तिथे म्हादई अभयारण्य. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव वॉर्डनकडे नाव नोंदवावं लागतं आणि आत शस्त्र न्यायचं नाही. शिवाय तिथे वाघ. वाघ म्हटल्यावर काकीने विषय संपवला. "डुकरं पाहिजेत म्हणता म्हणून मी गप्प आहे," ती म्हणाली, "पुढे जाऊ नका."

दोडामार्ग त्याहून स्वस्त, डिचोलीच्या कुशीतच. पण मध्ये सीमा. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, राज्य बदललं की कागद पणजीहून ओरोसला. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर तुम्ही शेतकरी असायला हवं. आणि काकीचा मुद्दा कायद्याहून भक्कम होता: आजारी पडल्यावर बांबोळीच्या इस्पितळातच यायचं असेल तर राहायला तिकडे कशाला जा? फेणीची बाटली सीमेपलीकडे नेणारे हिकमती लोक आबांना माहीत होते. पण बाटली पिऊन पुरावा नष्ट करता येतो.

याच सुमाराला भाच्याचा फोन आला. भाचा टेक्ससात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तोही घर शोधत होता. तिथे तालुक्याच्या जागी काउंटी, टेक्ससात एकूण 254. आबांना एकदम जवळीक वाटली. "मग तू बंदुकीचं काय बघितलंस?" भाचा म्हणाला, त्याबाबतीत काउंटीने फरक पडत नाही, नियम राज्याचा, आणि तो सैल. रानडुकरं? ढिगांनी. 2019 पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. आणि हेलिकॉप्टरमधून मारायला 2011 च्या कायद्याने मोकळीक दिली आहे.

आबा बराच वेळ गप्प होते. फोन बंद पडला असं मला वाटलं.

"हेलिकॉप्टरातून?"

"हो मामा."

"त्या हेलिकॉप्टराला एक चौदा लागतो?"

मग भाच्याने सांगितलं की तो मात्र बंदुकांना घाबरतो, मुलांची शाळा आहे, आणि ज्या भागात कमीत कमी बंदुका असतील तिथे घर घ्यायचा त्याचा विचार आहे. आबांनी फोन काकीकडे दिला. त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "घराण्यात एकालाच डुकरं मिळाली, आणि त्याला नकोत." केरळात 2022 पासून स्थानिक पंचायतींच्या प्रमुखांना उपद्रवी डुक्कर मारायचा हुकूम देता येतो आणि त्यासाठी गावोगाव परवानाधारक बंदूकवाले शोधतात, असं मी त्यांना धीर द्यायला सांगितलं. त्याने त्यांची झोप गेली. दुसऱ्या दिवशी ते मल्याळम किती अवघड असतं ते विचारायला आले.

राहिली डिचोली. जिल्हा तोच, उत्तर गोवा, जिल्हाधिकारी तेच, फक्त पत्ता बदलल्याचं कळवायचं. आबांची डिचोलीबद्दल स्वतःची मीमांसा आहे. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले, ट्रक दारात उभे राहून गंजले. माणसांचं वाटोळं झालं खरं, पण टाकाऊ मातीच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ माजली आणि तिथे डुकरांची वस्ती झाली. 2022 च्या डिसेंबरात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले तेव्हा तालुक्यात लोकांना आशा वाटली. आबा काळजीत पडले. खाण चालू झाली की सुरुंग, सुरुंग म्हटलं की डुकरं सत्तरीत. गोव्यात खाणीच्या बातम्या कोणी मालकाच्या बाजूने वाचतो, कोणी ट्रकवाल्याच्या, कोणी विहिरी आटलेल्या गावाच्या. डुकरांच्या बाजूने वाचणारे आबा एकटे.

पण जमीन घ्यायलाही आता अडचण होती. 2023 साली गोव्यात शेतजमिनीच्या हस्तांतराचा कायदा झाला. भातशेतीची जमीन शेतकऱ्यालाच विकायची. कायदा चांगला आहे, पाच वर्षं आधी झाला असता तर आबांचा मळा वाचला असता. आता मात्र आबांना शेतकरी असल्याचं सिद्ध करायला हवं होतं. जमीन तर विकली. पुरावा काय? त्यांनी कपाट उघडलं आणि बंदुकीचा परवाना काढला. "हे बघ. पीकसंरक्षण. सरकारी शिक्का." म्हणजे शेत हवं बंदुकीसाठी, आणि शेतकरी असल्याचा दाखला बंदूक. मी हे त्यांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बरोबर. जमतंय की."

मये पाहिलं. तळं सुरेख, पण तिथल्या जमिनीच्या मालकीचा घोळ मुक्तीपासूनचा. पोर्तुगालला गेलेल्या मालकाची जमीन, मग सरकारची, मग 2014 च्या कायद्याने लोकांना सनदा. आबांना अशी जमीन नको होती जिच्या कागदात त्यांच्या आयुष्यापेक्षा जास्त पानं आहेत. शिरगाव, मुळगाव खाणीच्या तोंडाशी. मग अडवलपालला एक बाग पाहायला गेलो. मालक वाकून वाकून बोलणारा, सोबत पेडण्यातलाच एक तरुण दलाल. पाणी आहे, रस्ता आहे, काजू ऐन भरात आहे. आबा काजूंकडे बघेनात. ते जमिनीकडे बघत चालले होते.

"डुकरं येतात का?"

मालक दुखावला. "छे! काय बोलता? एकसुद्धा नाही. मी देवाशपथ सांगतो. माकडसुद्धा फिरकत नाही."

आबांचा चेहरा पडला. दलालाला वाटलं, गिऱ्हाईक भाव पाडतंय. त्याने मालकाला बाजूला नेलं. मालक परत आला तो काही हजार कमी करून आणि डुकरं नसल्याची आणखी एक शपथ घेऊन. जितकी किंमत खाली येत होती तितके आबा फाटकाकडे सरकत होते. शेवटी मालक म्हणाला, "हवं तर लिहून देतो, एक डुक्कर दिसलं तर पैसे परत." आबांनी त्याला नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसले.

असं साळला झालं, कुडण्यात झालं. प्रत्येक विकणारा डुकरं लपवत होता. एकाने तर आदल्या रात्री उकरलेली माती फावड्याने सारखी केली होती. आबांनी ती बरोबर ओळखली, बोट घालून वास घेतला, आणि क्षणभर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या जमिनीत दुसरा एक भाऊ भागीदार निघाला, तो कुवेतला.

मेणकुऱ्याला मात्र दैव उघडलं. डोंगराच्या पायथ्याशी छोटा मळा, वर केळी, आणि केळींच्या बुडाशी माती अशी उधळलेली की नांगर फिरवला असता तरी इतकी मोकळी झाली नसती. मालक आबांच्याच वयाचा. साधा, सरळ माणूस. दलाल काही बोलायच्या आत म्हणाला, "खोटं कशाला सांगू? डुकरं रोज येतात. कंटाळलो म्हणून विकतोय."

"रोज?" आबा म्हणाले.

"रोज. पिल्लं घेऊन."

आबांनी मालकाचे दोन्ही हात धरले. दलाल हिशेब विसरून बघत राहिला. सौदा दहा मिनिटांत झाला असता, तोंडी झालाच होता. पण आनंदात माणूस सैल सुटतो. मालकाच्या बायकोने ताक आणलं, आबा पायरीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आजोबा, बेल्जियम, साहेब आणि डुकराचं हात धुणं, विकलेला मळा, परवान्यावरचं कारण, नूतनीकरण, एक चौदा. मालक ऐकत होता. हातातलं ताक त्याने अर्ध्यावर खाली ठेवलं.

"म्हणजे शेत विकलं की परवाना जातो?"

"जातोच असं नाही. पण विचारलं तर सांगणार काय?"

मालक उठला, आत गेला आणि परत आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला परवाना. वडिलांचा, मग त्याच्या नावावर झालेला. एकनळी. त्याने तो चष्मा लावून पुन्हा पहिल्यापासून वाचला. बायको म्हणाली, "काय झालं?" तो काहीच बोलला नाही. मग त्याने दलालाकडे बघून मान हलवली.

पुढे काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. मळा विकायचा नाही. दोघे पायरीवर शेजारी बसले. एकनळी बरी की जोडनळी, यावर बोलणं सुरू झालं. मालकाचं म्हणणं, एकनळीचं बरं, एकदाच चुकतं. आबांनी फणसाची गोष्ट सांगितली. मालकाने आपली सांगितली, त्यात एक विजेचा खांब होता. मधूनच दोघे केळींच्या बुडाकडे बघत आणि समाधानाने गप्प होत. ऊन कलायला लागलं.

दलाल माझ्या गाडीला टेकून मोबाईलवर कमिशनचा आकडा पुसत होता. "भाऊ," तो मला म्हणाला, "पुढच्या वेळी ह्यांना निदान बंदुकीचं नाव काढायला देऊ नका."

"ती आत्ता त्यांच्याकडे नाहीच आहे," मी म्हटलं. "निवडणूक लागलीय. ठाण्यात जमा आहे."